समुद्राच्या नंबरचा चष्मा

चष्मेवाल्यांच्या दुकानात गेल्या सव्वीस वर्षांत सगळ्यात जास्त बोललं गेलेलं वाक्य कुठलं, असं कुणी विचारलं, तर ते 'चार दिवसांत सवय होईल' हे. नव्या चष्म्याने जमीन खोल दिसते? सवय होईल. कानामागे रुततंय? सवय होईल. समोरून येणारा माणूस दोन-दोन दिसतो? दोघांनाही नमस्कार करा, चार दिवसांत एक होईल. गिऱ्हाईक कुरकुरत जायचं आणि खरोखरच चार दिवसांत गप्प व्हायचं. त्याला सवय व्हायची की तो कंटाळायचा, याचा तपास चष्मेवाल्यांनी कधी केला नाही. चालत्या गाडीला खीळ कोण घालेल?

अशा या चष्मेवाल्यांच्या आईला गेली दहा वर्षं धड दिसत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेजारी तोंडावर बोलत नसत, पण दुकानात आले की आईची चौकशी जरा जास्तच आपुलकीने करत. मोतीबिंदू पिकायचा होता, मग साखर वाढली, मग डॉक्टर बदलले, असं करत करत यंदा एकदाची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दीड महिन्याने डॉक्टरांनी तपासून कागदावर नंबर लिहून दिला. म्हणाले, "पडदा गेला, पण नंबर बराच राहिलाय. चष्मा लागला की आजी सुईत दोरा ओवतील."

आईला सुईत दोरा ओवायचा नव्हता. तिला समुद्र बघायचा होता. तिची थोरली बहीण तरुणपणी एकदा दक्षिणेकडच्या त्या तीर्थाला जाऊन आली होती. जिथे जमीन संपते तिथे समुद्रातल्या खडकावर देऊळ आहे, होडीने जावं लागतं, आणि काठावर एकाच जागी उभं राहिलं की सूर्य पाण्यातून उगवतानाही दिसतो आणि पाण्यात मावळतानाही. थोरलीने ही हकिगत पुढची चाळीस वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात सांगितली. आई दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकायची आणि घरी आल्यावर म्हणायची, "एकदा जाऊ या रे." पुढे डोळे अधू झाले आणि तिने विषय काढणं बंद केलं. समोरचं दार चाचपडत उघडणाऱ्या बाईने समुद्र बघायला जायचं म्हणजे हसंच. पण ऑपरेशनला नेताना चष्मेवाल्यांनी तिला शब्द दिला होता की, डोळे झाले की पहिला समुद्र. त्यांनी चौघांच्या जाण्यायेण्याची तिकिटं काढली, मग चौथं कोण असं बायकोने विचारल्यावर एक रद्द केलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण साधी गोष्ट साधी राहू दिली तर ते चष्मेवाले कसले. त्यांच्या डोक्यात कल्पना आली की, आईने नवा चष्मा घरात घालायचाच नाही. थेट समुद्रकाठी, सूर्य उगवताना घालायचा. पहिली नजर समुद्रावर पडली पाहिजे.

"आणि तोपर्यंत?" बायकोने विचारलं.

"तोपर्यंत आहे तसंच. दहा वर्षं काढली, चार दिवस काय जड आहेत?"

"चष्मा डोळ्यांवर बसतो का, हे तरी बघाल?"

"माझ्या हातचा चष्मा बसत नाही असं झालंय कधी?" चष्मेवाले म्हणाले. या प्रश्नाचं खरं उत्तर बायकोला ठाऊक होतं. पण ती समंजस बाई असल्यामुळे बॅग भरायला निघून गेली.

निघायच्या आदल्या दुपारी चष्मेवाल्यांनी आईचा चष्मा तयार केला. त्याच दिवशी निवृत्त हेडमास्तरांचाही तयार होता. फ्रेम दोघांना एकच. हेडमास्तर चाळीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडलेला माणूस, त्यामुळे त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. ते म्हणाले होते, "चष्मेवाले, तुमच्या आईंना जी फ्रेम देताय तीच मला द्या. स्वतःच्या आईला काही कुणी भिकार माल देणार नाही." या विचारसरणीला तोड नव्हती.

दोन्ही चष्मे काउंटरवर होते. दोन्हींना दोऱ्याने नंबराची चिठ्ठी बांधलेली. आईच्या चष्म्याला चिठ्ठी लोंबणं बरं दिसणार नाही म्हणून चष्मेवाल्यांनी ती कापली आणि कात्री हातात होतीच, म्हणून हेडमास्तरांचीही कापली. नेमके त्याच वेळी शेजारचे औषधवाले आले. त्यांना समुद्र म्हटलं की उलटीच आठवायची. होडी हलली की काय होतं, कुठली गोळी किती आधी घ्यायची, घेतली नाही तर त्यांच्या साडूचं काय झालं होतं, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. साडूचा भाग करुण होता. ऐकता ऐकता चष्मेवाल्यांनी दोन्ही चष्मे फडक्याने लख्ख पुसले आणि दोन डब्यांत ठेवले. एक डबा संध्याकाळी हेडमास्तर घेऊन गेले. दुसरा बायकोने कपड्यांच्या घडीत, पोराला दुपट्यात ठेवावं तसा ठेवला.

हेडमास्तर जाताना म्हणाले, "जरा गरगरतंय हो."

"चार दिवसांत सवय होईल," चष्मेवाले म्हणाले.

प्रवास दोन दिवसांचा होता आणि विशेष काही घडलं नाही. घडलं असेल तर ते आईला दिसलं नाही. खिडकीबाहेर हिरवं जाई, पिवळं जाई आणि ती विचारी, "हे काय गेलं?" चष्मेवाले म्हणत, "थांब ग आई, सगळं बघायचंय तुला." मुक्कामाच्या ठिकाणी खोली 'समुद्र दिसणारी' म्हणून घेतली होती. खिडकीतून पाण्याची टाकी दिसे. व्यवस्थापकाने चष्मेवाल्यांना पलंगावर चढवलं, मान डावीकडे वळवायला लावली, तेव्हा टाकी आणि भिंत यांच्या फटीत हातरुमालाएवढा समुद्र दिसला. खोलीच्या पाटीवर किती समुद्र ते लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर ही गर्दी. पूर्वेला तांबडं फुटलं होतं. चष्मेवाल्यांनी आईला कठड्यापाशी उभं केलं, खांद्यावरची शाल नीट केली, डबा उघडला आणि चष्मा तिच्या नाकावर चढवला. बायकोने हात जोडले. शेजारच्या दोन अनोळखी कुटुंबांनीही काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं वाटून हात जोडले.

"दिसला?"

आईने मान इकडून तिकडे फिरवली. मग म्हणाली, "छान आहे."

"सूर्य दिसतोय ना?"

"दिसतोय की. मोठा आहे." ती कठड्याला जरा घट्ट धरून म्हणाली, "पसरलाय खूप."

"आणि देऊळ? खडकावरचं?"

आईने ज्या दिशेला मान हलवली तिथे विजेचा खांब होता. चष्मेवाल्यांनी खांबाकडे पाहिलं, मग आईकडे. पण सव्वीस वर्षांची जीभ डोक्याच्या पुढे धावली. "चार दिवसांत सवय होईल, आई."

"होईल, होईल," आई म्हणाली आणि हसली.

न्याहारीनंतर खडकावरच्या देवळाला जायचं होतं. ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी होती, म्हणजे वेगळी रांग आणि वेगळा मनस्ताप. तिथली भाषा निराळी होती, पण खिडकीमागच्या माणसाचं 'नाही' कुठल्याही भाषेत समजतं. त्याने आईचं ओळखपत्र पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मान हलवली. फोटोत चष्मा होता, तोंडावर नव्हता. आईला गरगरत होतं म्हणून तिने तो काढून हातात धरला होता. चष्मेवाल्यांनी तो पटकन चढवला. खिडकीवाल्याने पुन्हा पाहिलं. हा चष्मा फोटोतला नव्हता. त्याने एक फॉर्म सरकवला. चष्मा असलेली बाई आणि चष्मा नसलेली बाई एकच आहे, असं एका जबाबदार माणसाने लिहून द्यायचं होतं.

"मी देतो. मी स्वतः चष्मेवाला आहे," चष्मेवाल्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

"नातेवाईक चालत नाही," रांगेतल्या कुणीतरी उलगडा केला. "धंद्यातला दुसरा माणूस आणा."

धंद्यातला दुसरा माणूस म्हणून जो मिळाला, तो पदपथावर पोतं पसरून प्लास्टिकचे काळे गॉगल विकत होता. चष्मेवाले अशा लोकांना डोळ्यांचे वैरी म्हणत. धंद्याच्या मंडळात त्यांनी यावर एकदा वीस मिनिटांचं भाषणही केलं होतं. आता त्याच डोळ्यांच्या वैऱ्याने फॉर्म मांडीवर घेतला, आईला समोरून, बाजूने निरखलं, तिच्या चष्म्याची काडी हलवून पाहिली आणि झोकात सही ठोकली. वर चष्मेवाल्यांच्या पाठीवर थाप मारून त्यांना एक गॉगल विकला. तो त्यांना घ्यावाच लागला.

एवढं करून धक्क्यावर पोचावं तर तिथे होडीत चढायला सपाट फळी टाकलेली. आईने फळीवर पाऊल ठेवायला पाय गुडघ्यापर्यंत उचलला, हवेतच अदमास घेतला आणि दाणकन खाली आणला. दुसरं पाऊलही तसंच. होडीवाल्याने तिसऱ्या पावलाची वाट पाहिली नाही. त्याने तिचा हात धरून अदबीने मागे वळवलं आणि बोटाने स्वतःच्या डोळ्यांकडे खूण करून नाही म्हटलं. होडी गेली. उद्या पहाटे पाचची परतीची गाडी होती.

खोलीवर आल्यावर आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. चष्मेवाले खुर्चीत बसून तिच्या पाठीकडे बघत राहिले. इतक्यात फोन वाजला. हेडमास्तरांचा होता.

"चष्मेवाले, चार दिवस आज पूर्ण झाले, म्हणून फोन केला. आधी केला असता तर नियमात बसलं नसतं."

"बोला सर."

"सवय झालेली नाही. पहिल्या दिवशी घरातली फरशी चढणीची दिसत होती. मी चढत होतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दोन पायऱ्या जास्त उतरलो. काल पेपर वाचायला घेतला, तर सगळी अक्षरं एका बाजूला कलंडलेली. शाळेच्या तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर पोरं कलंडायची तशी. म्हटलं, आपलं वय झालं. पण आज नातवाने हा चष्मा लांब धरून फिरवला, तर त्यातून दाराची चौकट वाकडी फिरते. माझा तसला नंबर नाही. मला साध्या जाड भिंगांचा चष्मा असतो. तसल्या तिरक्या नंबराचा चष्मा कुणाचा होता तुमच्या दुकानात?"

चष्मेवाल्यांची पाचावर धारण बसली. तिरक्या नंबराचा चष्मा दुकानात एकच होता, आईसाठी केलेला. त्यांनी फोन ठेवला, आईच्या उशाशी ठेवलेला चष्मा उचलून डोळ्यांपासून लांब धरला आणि फिरवला. खिडकीची चौकट हलली नाही. टाकी तेवढी मोठी झाली. समोर हेडमास्तरांचा चष्मा होता, आणि आपल्या आईला त्यातून समुद्र दाखवून आपण तिला सवय होईल असं सांगितलं होतं.

त्यांनी तो उगाच एकदा पुसला. शेवटी ते पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "आई, हा चष्मा तुझा नाही. मी बदलला. चूक माझी आहे."

आई उठून बसली. तिने दोनदा विचारलं, "म्हणजे माझे डोळे चांगले आहेत?"

"चांगले आहेत ग."

"अरे, मला वाटलं ऑपरेशन वाया गेलं." तिने डोळ्यांना पदर लावला. "म्हटलं, एवढा खर्च केलास, एवढं लांब आणलंस, आता काहीच दिसत नाही म्हणून कसं सांगू? तू दिवसभर लोकांना डोळे देतोस आणि तुझीच आई आंधळी राहिली, असं व्हायला नको. म्हणून छान आहे म्हटलं."

चष्मेवाले चष्म्याच्या काड्या उघडमीट करत बसले. बायको मात्र चपला घालून दारात उभी होती. "रडायचं असेल तर रस्त्यात रडा. सूर्य मावळायला अडीच तास आहेत. या गावात चष्म्याचं दुकान असेलच."

दुकान सापडलं, बाजाराच्या मागच्या गल्लीत. मालकीणबाई पन्नाशीच्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. त्यांना यांची भाषा चार शब्द यायची, यांना त्यांची शून्य. चष्मेवाल्यांनी खुणांनी सांगितलं की, कुणा मूर्खाने आमच्या आईला चुकीचा चष्मा दिला.

"कोण?" मालकीणबाईंनी नेमका त्या चार शब्दांतला एक वापरला.

चष्मेवाले छताकडे बघू लागले. बायकोने बोट केलं. "हे."

मालकीणबाईंनी हेडमास्तरांचा चष्मा यंत्राखाली ठेवून मोजला, आईकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे. त्या बघण्यात सव्वीस वर्षांची अब्रू धुऊन निघाली. पुढचं संकट असं की, आईच्या नंबरचा कागद दुकानाच्या खणात, खणाला कुलूप आणि किल्ली चष्मेवाल्यांच्या खिशात. गावातल्या अर्ध्या लोकांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. आईचा आठवेना. डोक्याला हात लावला, डोळे मिटले, तर पोस्टमास्तरांचा आठवला.

म्हणजे नव्याने तपासणी. भिंतीवरच्या तक्त्यावर तिथल्या लिपीतली अक्षरं होती, म्हणून मालकीणबाईंनी दुसरा लावला. तीन दातांची फणी कधी वर तोंड करून, कधी खाली. दाते कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. आई अडून बसली. "हा निरक्षरांचा आहे. मी सातवीला पहिली आले होते."

"आई, इथे आपण सगळेच निरक्षर आहोत," चष्मेवाले म्हणाले. ते पटल्यावर तिने हात वर केला.

मालकीणबाईंनी तपासणीची ती लोखंडी गोल फ्रेम आईच्या नाकावर बसवली आणि पेटीतून एकेक भिंग काढून खाचेत टाकू लागल्या. एक बोट दाखवून पहिलं भिंग, दोन बोटं दाखवून दुसरं. कुठलं बरं?

"दुसरं," आई म्हणाली. "नाही, पहिलं. थांबा, परत दाखवा. आता विसरले."

चष्मेवाले आणि मालकीणबाई, दोघांनी एकाच वेळी सुस्कारा सोडला आणि एकमेकांकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांच्यात समेट झाला. मग चष्मेवाले भिंग पुढे करू लागले, बाई ते खाचेत फिरवू लागल्या, ते बोटाने 'जरासं अजून' म्हणायचे, बाई मान डोलवायच्या. दोघांना एक शब्द न बोलता सगळं समजत होतं. अर्ध्या तासाने आईचं 'परत दाखवा' थांबलं. ती तक्त्याची शेवटची ओळ, त्याखालची छापखान्याची बारीक रेघ आणि भिंतीवर चालणारी मुंगी दाखवत होती.

पण असलं भिंग घासून बसवायला दोन दिवस लागतात. बाईंनी दोन बोटं दाखवली. चष्मेवाल्यांनी घड्याळ दाखवलं. बायकोने खिडकीतून उतरतं ऊन दाखवलं. मालकीणबाईंनी आईकडे पाहिलं. ती अजून मुंगी बघत होती. बाईंनी भिंगांची पेटी बंद केली, दुकानाचं दार ओढून कुलूप लावलं आणि आईचा दंड धरला. तपासणीची फ्रेम तशीच आईच्या नाकावर होती. दुकानात तेवढी एकच होती आणि बाई ती नजरेआड करणार नव्हत्या. तेव्हा फ्रेमबरोबर त्याही निघाल्या.

"आई, आता डोळे मीट," चष्मेवाले घाईघाईने म्हणाले. "थेट समुद्राशी गेल्यावर..."

"तू गप बस," आई म्हणाली. "मी रस्तासुद्धा बघणार आहे."

आणि तिने बघितला. भिंगं पडू नयेत म्हणून मान ताठ, हनुवटी वर, लोखंडी चाकं लावलेला चष्मा, अशा थाटात ती बाजारातून चालली तेव्हा लोक बाजूला होऊन वाट देत होते. कुणी तपासनीस आलाय असं समजून एका फळवाल्याने नासकी फळं पोत्याखाली ढकलली. ती आईला दिसली. आईला सगळंच दिसत होतं. पाट्यांचे रंग, कुणाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण, गटाराच्या कडेला उगवलेलं रोपटं. दर चार पावलांवर ती थांबायची, बायको म्हणायची, "आई, सूर्य थांबणार नाही," आणि आई म्हणायची, "थांबेल ग, चाळीस वर्षं थांबलाय."

काठावर पोचले तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. आई कठड्यापाशी गेली. कुणी धरलं नव्हतं, पाऊल नेमकं पडलं. तिने आधी सूर्य पाहिला, मग खडक, खडकावरचं देऊळ, देवळाच्या पायऱ्या, पायऱ्यांवरची माणसं. ओठ हलवत तिने पायऱ्या मोजल्या. मग लाटा. लांबून उठणारी एक लाट तिने पाण्यावरून पार काठापर्यंत नजरेने आणली, ती दगडांवर फुटली तशी दुसरी धरली. बराच वेळ असं चाललं होतं. मालकीणबाई भिंगांवर नजर ठेवून तिच्या शेजारीच उभ्या होत्या, आणि हळूहळू त्याही समुद्राकडे बघायला लागल्या. रोजचाच समुद्र होता त्यांचा.

सूर्य गेला तरी उजेड होता. आई वळली. तिने सुनेला पाहिलं, तिचा गाल कुरवाळला. मग मुलाकडे पाहिलं आणि तिची नजर तिथेच थांबली. तिने हात वर करून त्याच्या कानशिलावरून फिरवला.

"पांढरा झालास रे बाळा."

"कधीच झालो, आई."

"मला कुणी सांगितलंच नाही." ती जवळ सरकून त्याच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ वाचत होती. "कपाळावर आठी पडलीय. डोळ्यांखाली सुजलंय. माझ्या डोळ्यांपुढे तू तेव्हाचाच होतास, काळ्या केसांचा. दहा वर्षं मी त्याच्याशीच बोलत होते बघ." मग ती म्हणाली, "हाही चांगला दिसतो."

चष्मेवाल्यांना राहवलं नाही. भर गर्दीत, एका समव्यावसायिकासमोर, पन्नाशी उलटलेला तो गृहस्थ हुंदके देऊन रडू लागला. त्यांच्यापुरता समुद्र, खडक, देऊळ सगळं पाण्यात विरघळलं.

आईने पदराच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले, आधी उजवा, मग डावा. "पुरे आता. इकडे ये, माझ्याशेजारी उभा राहा," ती म्हणाली. "एवढ्या लांब मला एकटीला बघायला आणलंस का?"

ते तिच्याशेजारी उभे राहिले आणि दोघं मिळून बघू लागले.